पखवाजाचा किस्सा

हा किस्सा मी इतक्या जणांना सांगितलाय की जालन्याच्या अर्ध्या मोंढ्याला तो पाठ असंल. आणि तरीबी — तो मी अजून कुणालाच सांगितलेला न्हाई. बायकोला न्हाई. मारुतीपुढं हात जोडून उभा राह्यलो तरी तेवढं सोडून बाकीचं सगळं बोलतो. म्हणजे देवापाशीबी लपवाछपवी! काय म्हणावं ह्या माणसाला?

आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का, ते विचारू नका. तुम्ही मला वळखत न्हाई, हे एक बरंय. आणि दिवस असे आलेत की कोण कुठं पांगंल, कुणाचं दार उद्या उघडंल न् कुणाचं न्हाई, काही सांगता येत न्हाई. दिवे लागायच्या आत लोक कड्या लावून घेतात. मी बी घेतो. मंग आत बसून करायचं काय? आठवत बसायचं.

मी मास्तर हाय. सरकारी शाळेत पोरांना हिसाब शिकवतो, तोबी उर्दूतून — निजामाच्या मुलखात मास्तराचं पोट मराठीवर भरत न्हाई. गाव माझं जांब समर्थाच्या शिवाराला लागून. मी जालन्याला आलो तवा गावचे तिघं आधीच इथं होते. रामराव मोंढ्यात अडत्याकडं, करीम — आमच्या गावच्या मुलाण्याचा पोरगा — कापसाच्या जिनात कामाला, आणि दत्तू. दत्तू म्हणजे म्हादू गुरवाचा एकुलता एक. त्याचं ठेसनाजवळ भज्याचं दुकान. दुकान कसलं — चार पत्रे, एक चूल, एक बाकडं. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक सरलं की आम्ही चौघं त्या बाकड्यावर.

तिथं बसलं की गाव निघायचंच. करीमनं शाळेची घंटा शेळीच्या गळ्यात बांधल्ती ते निघायचं — मास्तर दारात छडी घेऊन उभे आणि शेळी तिकडं हरभऱ्याच्या रानात सुट्टी देऊन राह्यली! निम्मी शाळा तिच्यामागं. रामराव तीर्थपुरीच्या बाजारातून परत येताना भलत्याच गाडीत झोपला, भलत्याच गावी उतरला, आणि तिथल्या बाईनं पोटभर धपाटे खाऊ घातल्यावर म्हणतो कसा, मला घरी न्हाई जायचं. ते निघायचं. हसून हसून डोळ्याला पाणी. करीम तर बाकड्यावरून खाली. कुणी नवीन माणूस भजी खायला थांबला तरी हसायला बसायचा. काय दिवस होते ते! मला खरंच वाटतं, परदेशी पडलेल्या माणसाला भाकरीइतकीच अशा हसण्याची भूक असती.

आणि मंग शेवटी, दर वेळी, करीम मांडीवर थाप मारून म्हणायचा, "अरे मास्टर, वो पखवाज का किस्सा सुना रे!"

आणि मी सांगायचो. असा —

होळीला पोरांनी गवऱ्या-लाकडं चोरायची हे सगळीकडंच. पण आमच्या गावात एक जास्तीचा नियम. चोरलेलं किती का असंना, हर एक पोरानं आपल्या घरचंबी लाकूड आणायचं. दुसऱ्याचं लुटतोस, तर थोडं तुझंबी जळू दे. घरचं लाकूड पडल्याबिगर होळी पेटवायची न्हाई. आणि दुसरा नियम सगळ्या मुलखाचा — होळीवर पडलं ते होळीचं. मालकानं बोंब मारावी, शिव्या द्याव्यात, पण परत मागू नये. तर दत्तू तवा सहा-सात वर्षांचा. त्याला म्हणलं, जाय बाबा, घरचं लाकूड आण. तर पठ्ठ्यानं काय आणावं? बापाचा पखवाज! कातड्याच्या पुड्या काढलेल्या, नुसतं लाकडाचं पोकळ खोड राह्यलेलं, ह्याला वाटलं ओंडका! दिला पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या मोळीत घालून. तिकडून म्हादूबा येतो पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन, बघतो तर काय — पखवाजाच्या दोन्ही तोंडांतून जाळ! असा पखवाज कुणी कधी वाजवला न्हाई बाबा!

मंग मी म्हादूबाचं तोंड करून दाखवायचो. डोळे वटारायचो, गाल फुगवायचो, हातात नैवेद्याचं ताट धरल्यावाणी. लोक लोळायचे. आणि दत्तू? दत्तूबी हसायचा. झाऱ्यानं भजी काढता काढता मान खाली घालून हसायचा आणि म्हणायचा, येडाच होतो ना मी.

आता खरं सांगायचं तर — थांबा. आधी म्हादूबा कोण ते सांगू द्या. टाळाटाळ न्हाई करून राह्यलो, ते सांगितल्याबिगर तुम्हाला माझं करणं कळायचं न्हाई. का टाळाटाळच आहे ही? असंलबी.

म्हादूबा गुरव. मारुतीची पूजा, बेल-पत्री, आणि पखवाज. माणूस वाळक्या शेंगंसारखा, बोलणं तर दिवसाला चार शब्द. पण पखवाजावर हात पडला की — मला ते सांगता यायचं न्हाई. रामनवमीला जांबला मोठा उत्सव, लांब लांबचे कीर्तनकार येणार, आणि आल्या आल्या विचारणार, पखवाजाला म्हादू हाय ना? एवढाच त्या माणसाचा मान. शेत न्हाई, वावर न्हाई, अंगावर धड सदरा न्हाई. पण कीर्तनकाराच्या उजव्या हाताला बसायची जागा त्याची. ते खोड त्याच्या आज्याच्या वक्ताचं, शिसवीचं, हाताच्या तेलानं काळं कुळकुळीत झालेलं. पखवाजाच्या धुमाला, म्हणजे डाव्या अंगाला, ओली कणीक लावावी लागती, त्याबिगर तो बोलत न्हाई. दत्तूची आई संध्याकाळी पीठ मळायला घ्यायची तवा आधी चिमूटभर कणीक पखवाजाची मळून बाजूला ठेवायची, मंग घरातल्यांची. पखवाजाचा घास पहिला. मी रोज बघायचो, कारण रोज तिथंच असायचो.

होय. मी बी शिकायला जायचो. म्हादूबाच्या ओसरीवर दत्तू एका बाजूला, मी एका बाजूला. मी त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. मला त्या पखवाजाचं येड लागल्तं. जेवताना ताटावर, झोपताना उशीवर, आमच्या बैलाच्या पाठीवरसुद्धा बोटं चालायची. आणि हे कार्टं — नाकातून शेंबूड गळतोय, मांडी धड घालता येत न्हाई — हात ठेवला की बोल असा निघायचा की म्हादूबा डोळे मिटायचा. माझ्या वेळी कधी मिटले न्हाई. मी बघत राह्यचो, आता मिटंल, आता मिटंल.

त्या साली होळीच्या आधी भजनाला गावातली माणसं जमल्ती. मी म्हणलं, म्हादूबा, औंदा रामनवमीला मला बसू द्या ना, एका अभंगापुरतं. सगळ्यांसमोर म्हणलं. म्हादूबा अगदी मायेनं बोलला — मायेनंच, हे मला आज कळतंय. "बापूसाहेब, रागावू नगा. तुमच्या हातात ताल न्हाई. तुम्ही टाळ वाजवा." आणि मंग म्हणाला, एक अभंग दत्तू वाजवंल, मी मांडीशी घेऊन बसतो त्याला.

माणसं हसली. वंगाळ न्हाई हसली, लेकराला हसतात तशीच हसली. पण माझ्या कानशिलात ते गरम तेलावाणी गेलं. आमच्या खळ्यावरून ह्यांच्या घरचं दाण्याचं बलुतं जायचं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, माझ्या बापानं तर कधीच न्हाई, पण त्या वयातबी मला ते बराबर ठावं होतं. आमच्या दाण्यावर जगणारा माणूस मला ताल न्हाई म्हणतो? — हा विचार अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यात येतो. माझ्या आल्ता.

आता सांगतो. आता टाळत न्हाई.

दत्तूनं ते खोड आणलं न्हाई. मी आणलं.

होळीच्या दिवशी दुपारी म्हादूबा देवळात होता. दत्तूची आई पुरण वाटायला शेजारी पाटा मागायला गेल्ती आणि दत्तू पोरांबरोबर गवऱ्या गोळा करत हिंडत होता. रामनवमीच्या आधी नव्या पुड्या चढवायच्या म्हणून म्हादूबानं जुन्या काढल्या होत्या, आणि उंदराच्या भेवानं खोड पोत्यात घालून आढ्याला टांगलं होतं. उंच. मी कणगीवर चढलो. कणगीच्या तोंडाचं शेणाचं लिंपण माझ्या पायाखाली करकन फुटलं, तो आवाज अजून माझ्या पायात हाय. दोरी सोडली. पोतं तिथंच टाकलं. खोड पऱ्हाट्यांत गुंडाळलं, मागल्या आळीनं गेलो आणि होळीच्या पार तळाशी सारून दिलं. वर गवऱ्या रचल्या. कुणी पाह्यलं न्हाई, आणि पाह्यलं असतं तरी होळीच्या दिवशी लाकूड पळवणाऱ्या पोराला कोण हटकतं?

तुम्ही म्हणाल, पोर होतास, जळंल हे कळलं नसंल. कळलं होतं. बिलकुल कळलं होतं. मला ते जळायलाच पायजे होतं.

थोड्या वेळानं दत्तू आला, घरच्या पऱ्हाट्यांची मोळी ओढत, धापा टाकत. त्यानं ती त्याच बाजूला टाकली आणि दात काढून माझ्याकडं पाह्यलं, बघ बापू, घरचं लाकूड. एवढंच त्यानं केलं.

संध्याकाळी होळीची पूजा म्हादूबानंच केली. गावचा गुरव तोच ना. हळद-कुंकू त्यानं वाह्यलं, पाणी त्यानं फिरवलं, आणि त्याच्या हाताखाली, तळाशी, त्याचंच खोड. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्या वेळी बोललो असतो तर? लाकडं उपसून काढली असती, मला दोन टोले बसले असते, झालं असतं. मी टाळ्या वाजवत होतो.

गवऱ्या ढासळल्या तसं ते उघडं पडलं. दोन्ही तोंडांतून जाळ — ते मी किस्स्यात सांगतो ते खरंच आहे. म्हादूबाच्या हातात नैवेद्याचं ताट होतं. त्यानं डोळे बिळे काही वटारले न्हाई, गालबी फुगवले न्हाई. ते सगळं माझं. तो फक्त बघत राह्यला. एकानं बांबू घेतला, खोड बाहेर ओढायला. तर म्हादूबा म्हणाला, ऱ्हाऊ द्या. होळीचं ते होळीचं.

मंग त्यानं विचारलं, कुणी आणलं?

रागानं न्हाई विचारलं. पण सगळी पोरं एकमेकांकडं बघाय लागली. करीम, रामराव, सगळे. त्यांना बिचाऱ्यांना ठावंच नव्हतं. आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मी म्हणलं, दत्तूनं. घरचं लाकूड म्हणून आणलं.

दत्तू म्हणाला, मी न्हाई, मी पऱ्हाट्या आणल्या.

मी म्हणलं, त्याच मोळीत होतं, मी पाह्यलं ना.

आणि तिथं पहिला माणूस हसला. कोण ते आठवत न्हाई. अरे येड्या, घरचं लाकूड आण म्हणलं तर बापाचा पखवाजच आणलास व्हय रे! मंग सगळा गाव हसला. कारण हसल्यावर कुणाला काही करावं लागत न्हाई. म्हादूबा हसला न्हाई. त्यानं दत्तूला मारलं न्हाई, बोललाबी न्हाई. त्याचं बोट धरलं आणि घराकडं निघाला. नैवेद्याचं ताट तसंच हातात, दाखवायचंच राह्यलं. दत्तू मागं वळून माझ्याकडं बघत होता. रडत नव्हता. त्याला काही समजलंच नव्हतं. तो विचारात पडला होता — आपण खरंच आणलं का काय?

दुसऱ्या दिवशी धुळवड. मी खेळलो.

आणि तरीबी मी त्यांच्या घरी जात होतो, बघा. न गेलो तर संशय येईल म्हणून. चार-आठ दिवसांनी संध्याकाळी गेलो तर दत्तूच्या आईनं पीठ मळायला घेतल्तं. तिनं सवयीनं चिमूटभर कणीक आधी मळली, बाजूला ठेवली. मंग तिच्या ध्यानात आलं. ती त्या गोळीकडं बघत बसली, आणि मंग हळूच ती परत मोठ्या गोळ्यात मिसळून टाकली. माझ्याकडं पाहून म्हणाली, बस बापू, भाकर खाऊन जाय. मी खाल्ली.

रामनवमीला जांबला पखवाजावर बाहेरगावचा माणूस होता. म्हादूबा मागल्या रांगेत उभा, हातात टाळ. मला टाळ वाजवा म्हणणारा माणूस टाळ वाजवत होता. हेच मला पायजे होतं ना? मंग मी कीर्तन अर्ध्यावर सोडून घरी का आलो?

नवा पखवाज का घेतला न्हाई, असं तुम्ही विचाराल. गावानं वर्गणीची गोष्ट काढल्ती. म्हादूबानं नको म्हणलं. का, ते त्यालाच ठावं. कणगीचं फुटकं लिंपण त्यानं पाह्यलं असंल का? सात वर्षांच्या पोराच्या पायानं ते फुटत न्हाई, हे त्याला कळलं असंल का? आणि कळलं असंल तर बोलणार कुणापुढं — माझ्या बापापुढं, ज्याच्या खळ्यावर सुगीला पोतं पसरून बसायचं होतं? मला ठावं न्हाई. मी कधी विचारलं न्हाई. दत्तूनं मात्र पुन्हा पखवाजाला हात लावला न्हाई. एकदा जालन्यातच देवळात कुणीतरी मस्करीनं त्याच्यापुढं पखवाज सारला, गुरवाचा ना तू, वाजीव. तर त्यानं दोन्ही हात काखेत घातले आणि भजी करपतील म्हणून उठून गेला. चूल तर त्या दिवशी विझलेली होती.

पण एवढ्यावर थांबलो असतो तरी मी पोरवयातली चूक म्हणून गप बसलो असतो. खरी गोष्ट पुढं हाय.

मी तो किस्सा सांगायला लागलो. का सांगितला? लपवायची गोष्ट माणूस पुरून ठेवतो, मी ती चव्हाट्यावर मांडली, हसण्यात गुंडाळून. सुरुवातीला सांगायचो तवा दत्तू मधेच म्हणायचा, मी न्हाई रे आणलं. मी म्हणायचो, अरे मी डोळ्यानं पाह्यलं. सगळे हसायचे. मंग काही वर्षांनी तो म्हणायला लागला, मला आठवत न्हाई बा. मंग काहीच म्हणेना. आणि मंग एकदा, जालन्यात, माझा घसा बसला होता तर करीमनं त्यालाच गळ घातली. आणि दत्तूनं किस्सा सांगितला. माझ्या शब्दांत, माझ्या हसवायच्या जागा घेऊन. म्हणाला — मी आढ्याकडं पाह्यलं, म्हणलं हे लाकूड चांगलं पेटंल! हे 'आढ्याकडं पाह्यलं' त्यानं आपल्या पदरचं घातल्तं, कारण घरातलं खोड कुठं टांगलेलं असायचं ते त्याला ठावं होतं. त्याला ते दिसत होतं. जे त्यानं कधी केलंच न्हाई, ते त्याला आठवत होतं! मी त्याच्या डोक्यात पेरलं आणि ते उगवलं. त्या दिवसापासनं तोच सांगायला लागला. माझ्यापेक्षा झकास सांगायचा. मी निवांत झालो. खरंच सांगतो — सुटल्यावाणी वाटलं.

मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात गावाकडून माणूस आला, म्हादूबाचं आता काही खरं न्हाई म्हणून. दत्तूनं चूल विझवली आणि सरळ माझ्या शाळेत आला, मधल्या सुट्टीत. लिंबाखाली उभा राह्यला. हाताला बेसन तसंच. म्हणाला, "बापू, तू मोठा होतास. तुला बराबर आठवत असंल. मला ते खोड उचललेलं आठवतंय का तू सांगितलेलं आठवतंय, हेच कळंना झालंय. मी सात वर्षांचा, ते आढं केवढं उंच. बाबाच्या पायावर डोकं ठेवायला चाललोय. मी आणलं होतं का रे? खरं सांग."

बघा. ह्यापेक्षा सोपं कुणी कुणाला करून देतं का? भोवती कुणी नव्हतं. पोरं तिकडं विटी-दांडू खेळत होती. त्याच्या तोंडावर राग नव्हता, संशय नव्हता, माझ्यावर भरोसा होता नुसता. एक शब्द बोलायचा होता, न्हाई. बापाच्या पायाशी तो हलका होऊन गेला असता. त्या म्हाताऱ्यानं मरायच्या आधी पोराकडं एकदा धड पाह्यलं असतं. मला काय होणार होतं? त्यानं थोबाडीत मारली असती, फार तर. मी तिशीचा बाप्या, चार पोरांचा बाप. मला कशाचं भेव होतं?

मी म्हणलं, हो रे दत्तू. तुझ्याच मोळीत होतं. लहान होतास, जाऊ दे आता.

त्यानं मान हलवली. म्हणाला, बरं झालं विचारलं. आणि गेला. घंटा झाली, मी वर्गात गेलो आणि एका पोराला खोटं बोलला म्हणून उभं केलं. हे मी रचून सांगत न्हाई.

म्हादूबा गेला. दत्तू तेरावा उरकून आला, डोकं भादरलेलं. गावी बाप-लेकात काय बोलणं झालं, काही झालं का न्हाई, ते त्यानं सांगितलं न्हाई. मी विचारलं न्हाई. कसं विचारणार? दुकान सुरू झालं, भजी सुरू झाली. महिनाभरानं बाजाराच्या दिवशी आम्ही पुन्हा बाकड्यावर बसलो. करीम बिचारा किस्स्याचं नावबी काढीना, बापाचं दुःख ताजं होतं ना. तर दत्तूच म्हणाला, का रे, आज पखवाजाचा किस्सा न्हाई व्हय?

आणि त्यानं सांगितला. सगळा, नेहमीसारखा. घरचं लाकूड, ओंडका, दोन्ही तोंडांतून जाळ. झारा हातात घेऊन, हातवारे करून. फक्त मधी एक नवीन घातलं. म्हणाला, खोड तर आढ्याला टांगलेलं, आणि मी एवढासा. कणगीवर चढलो म्हणावं तर बाबा सांगत होता, कणगीचं लिंपण फुटलं होतं ते चांगल्या थोराड पोराच्या पायानं. मंग मी कसं काढलं असंल? उडी मारली! पोतं हवेत सोडलं, दोरी हवेत सोडली, आणि वापस येताना कणगीचं लिंपण फोडून खाली उतरलो! सात वर्षांच्या पोराची उडी, गावात कुणाला जमली न्हाई अशी!

करीम बाकड्यावरून खाली गेला. रामराव पोट धरून, बस कर बाबा, बस कर. शेजारचा पानवाला, रस्त्यावरची दोन माणसं, सगळे हसून राह्यले.

दत्तू हसत नव्हता. त्यानं कढईतला घाणा काढला, पानावर घातला आणि पहिलं पान माझ्यापुढं ठेवलं. मला जन्मभर बापू म्हणणारा माणूस. म्हणाला, "घ्या मास्तर. गरम हायेत."

आणि माझ्याकडं बघत उभा राह्यला. वाट बघत होता तो. ते मला कळत होतं.

मी हसलो. सगळ्यांत जोरात मीच हसलो, आणि भजं उचललं.